पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) अंगावरून पांढरं जाण्याच्या केसेस, यीस्ट (बुरशी) आहे की दुसरं काही हे कसं ओळखता?

दिंडोरी_एमओ
नमस्कार सर, मॅडम. दिंडोरी तालुक्यात पीएचसीला नवीनच जॉइन झालेय. द्राक्षाचा सीझन चालू आहे त्यामुळे ओपीडीला बागेत कामाला आलेल्या बायका भरपूर, पुरुषांची गर्दी ओसरेपर्यंत दाराशीच उभ्या राहतात आणि मग हळूच सांगतात, मॅडम अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटते. सिस्टर लगेच हिरवं किट काढून ठेवतात, म्हणजे सेक्निडाझोल २ ग्रॅम (बीव्ही म्हणजे योनीतल्या जंतूंचं संतुलन बिघडणं आणि ट्रायकोमोनास यांवर) आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम (यीस्टवर). काहींना बरं वाटतं, काही परत येतात. न तपासता गोळ्या द्यायला मला पटत नाही. कल्चरची (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची) सोय नाही आणि रिपोर्ट यायच्या आत टोळी पुढच्या गावाला गेलेली असते. नुसती खाज आणि दह्यासारखं पांढरं एवढ्यावर यीस्ट धरायचं का?

सिडको_जीपी
मॅडम, नुसत्या सांगण्यावरून धरू नका, खाज ट्रायकोमोनासमध्येही (संबंधातून पसरणारा परजीवी) असते आणि दह्यासारखं पांढरं तर प्रत्येकीला दिसतच नाही. स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) लावून बघाच. बाहेरची कातडी लाल, सुजलेली, बारीक चिरा पडलेली, वास नाही, तर यीस्टकडे कल. मग पीएच पट्टी (आम्लता मोजायची). योनीच्या बाजूच्या भिंतीला लावा, गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव लागला तर आकडा उगाच वाढतो, पाळी चालू असेल तरी तेच. ४.५ च्या आत असेल तर यीस्ट शक्य, वर असेल आणि माशासारखा वास असेल तर बीव्ही किंवा ट्रायकोमोनास बघा. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून किट चुकीचं नाही, जिथे तपासणी होऊच शकत नाही तिथे ते हवंच, पण तुमच्याकडे टेबल आहे, सिस्टर आहेत, पडदा आहे, मग बघायला काय हरकत आहे.

लॅबवाला_नाशिक
टीबीच्या थुंकीसाठी आणि मलेरियासाठी मायक्रोस्कोप असेलच ना तुमच्याकडे? त्यावरच होतं. एका स्लाइडवर सलाइनचा थेंब, दुसरीवर १०% केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). सलाइनची लगेच बघायची, ट्रायकोमोनास हलताना दिसला तरच ओळखू येतो, गार झाला की संपलं. केओएचने पेशी विरघळतात आणि यीस्टचे धागे, कळ्या उठून दिसतात, आधी १० वर शोधा मग ४० वर. पण स्लाइड निगेटिव्ह म्हणजे यीस्ट नाही असं लिहू नका, बऱ्याच केसेस सुटतात.

पंचवटी_ताई
मी डॉक्टर नाही, पेशंट म्हणून सांगते. मला सारखा हाच त्रास, मेडिकलवाल्याने दरवेळी गोळी दिली, एकदा तर स्टेरॉइड मिसळलेली मलम दिली त्याने आग अजून वाढली. शेवटी एका मॅडमनी पहिल्यांदाच नीट तपासलं आणि शुगर करायला लावली, ती वाढलेली निघाली. लाजेपोटी बायका बोलत नाहीत हो, तुम्ही विचारा.

सिडको_जीपी
ताईंचं बरोबर आहे. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर शुगर बघायचीच, आधी अँटिबायोटिक झालंय का, डापाग्लिफ्लोझिन (शुगरची गोळी) चालू आहे का तेही विचारायचं, आणि अशांचं कल्चर मात्र पाठवाच, ग्लाब्राटा (यीस्टचाच एक प्रकार) असेल तर फ्लुकोनाझोल नीट लागू पडत नाही. उलट काहीच त्रास नसलेल्या बाईच्या रिपोर्टमध्ये कॅन्डिडा (म्हणजे हेच यीस्ट) आला तर औषध द्यायचं नाही, १० ते २० टक्के बायकांमध्ये तो असाच असतो.

दिंडोरी_एमओ
खूप धन्यवाद सगळ्यांना. पट्ट्या मागवते आणि आमच्या टेक्निशियन दादांशी केओएचचं बोलते. गरोदर असेल तर?

सिडको_जीपी
तोंडाने फ्लुकोनाझोल नको. क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या, सात दिवस. पाळी कधी आली होती हे किट हातात देण्याआधीच विचारा.

लॅबवाला_नाशिक
दादांना एक सांगा, केओएचवर कव्हरस्लिप टाकल्याशिवाय लेन्स खाली आणायची नाही, लेन्स खराब होते. आणि बाटलीचं झाकण घट्ट, उघडी राहिली तर केओएच निकामी होतं.