बी.कॉम.ला विज्ञानाचा पेपर आलाय, काय करू?

शेंगाचटणी:
दहावीला सायन्समध्ये काठावर पास झालो तेव्हाच ठरवलेलं की ह्या वाटेला परत जायचं नाही, म्हणून तर कॉमर्स घेतलं. आता बी.कॉम. फर्स्ट इयरला नवीन धोरणात शाखेबाहेरचा एक विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावा लागतोय आणि माझ्या टायमिंगला बसणारा एकच उरलाय, दोन क्रेडिटचा विज्ञानाचा. मित्र म्हणतात नोट्स पाठ कर, पास हो, विसरून जा. पाठांतराचं काही नाही ओ, पण वर्गात येड्यासारखं काही विचारलं तर सायन्सवाली पोरं हसतील. आणि उद्या जीएसटीची रिटर्नं भरणाऱ्याला अणू-रेणू कशाला, हा पण प्रश्न हायच. सोलापुरात कोणी घेतलाय का असा विषय?

गड्ड्यातला_पाळणा:
अरे सायन्सवालं पोरगं त्या वर्गात येणार कुठून, शाखेबाहेरचा विषय आहे ना तो, सगळी तुझ्यासारखीच असणार. त्यांच्यातले निम्मे तिकडं अकाउंटच्या वर्गात तुम्ही हसाल म्हणून घाबरून बसलेत. एमपीएससीचा विचार असेल तर मन लावून कर, पूर्वपरीक्षेला सामान्य विज्ञान असतं, मी बी.ए. करून दोनदा तिथंच आपटलोय.

पूर्वभाग:
मी पण आर्ट्सवाली, सायन्स म्हटलं की पोटात गोळा. आमचे अप्पा डायिंगमध्ये होते, चादरीचं सूत रंगवायचे, शिक्षण सातवी. व्हॅटचा रंग (टॅक्सवाला व्हॅट नाही, सुताच्या पक्क्या रंगांचा एक प्रकार) पाण्यात विरघळतच नाही, त्यात कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस, म्हणजे रंग सोडवणारी पावडर, घातलं की मग विरघळतो आणि सुतात शिरतो. निळीचं तर भारीच, टाकीत पिवळट हिरवी दिसते आणि सूत बाहेर काढून हवा लागली की बघता बघता निळं होतं. हवेतल्या ऑक्सिजननं रंग परत न विरघळणारा होतो आणि धाग्यातच अडकतो, म्हणून धुण्यात जात नाही. हे मी लहानपणापासून बघितलेलं, पण शाळेत ऑक्सिडेशन-रिडक्शन आलं तेव्हा फळ्यावर नुसते बाण आणि व्याख्या, आणि मी कोरा पेपर दिला!! दोन्ही एकच आहे हे कॉलेजात असाच एक पेपर घेतला तेव्हा कळलं. घरी येऊन अप्पांना सांगितलं तर म्हणाले, हवा खाल्ल्याशिवाय रंग बसत नाही, मी तुला कधी वेगळं सांगितलं? हायड्रोसचा डबा उघडा राहिला की मरतो म्हणून आमच्यावर किती ओरडायचे ते.

रिटायर_मास्तर:
कला-वाणिज्यच्या मुलांना सक्तीचं पर्यावरण शिकवायचो. बहुतेक जण हजेरीपुरते. एकदा ढगात बीजारोपणाचा, म्हणजे कृत्रिम पावसाचा, विषय निघाला, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्या सोलापूर भागातच प्रयोग केला, विमानातून कॅल्शियम क्लोराईडचे कण ढगात सोडले, कण ओलावा ओढतात, थेंब मोठे होतात. मी हे सांगतोय तोवर बी.कॉम.ची एक मुलगी उठली, सर, तो पाऊस तसाही पडणारच नव्हता कशावरून? इतक्या वर्षांत सायन्सच्या एकाही वर्गाने मला हे विचारलं नव्हतं, ते आधी फॉर्म्युला मागतात. मग सांगितलं की म्हणूनच काही ढगांत कण सोडले, काही तसेच ठेवले, कुठला ढग कशात ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, आणि दोन्हींची तुलना केली, तेव्हा वाऱ्याच्या दिशेच्या पट्ट्यात सरासरी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस दिसला. म्हणजे रँडम निवड, तुमच्या स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकातलंच. ढगच नसतील तर मात्र काही उपयोग नाही, हे पण त्या मुलीनेच काढून घेतलं माझ्याकडून. मार्क मात्र तिला बेताचेच पडले, पेपरात व्याख्याच विचारल्या होत्या.

शेंगाचटणी:
फॉर्म भरला. पूर्वभाग ताई, हायड्रोस मरतो म्हणजे काय होतं नेमकं?

पूर्वभाग:
ओल आणि हवा लागली की डब्यातच खराब होतो, मग टाकीत घालून रंग सुटत नाही. पुढचं तुझ्या सरांना विचार, हसले तर इथं येऊन सांग.