सुंता मात्र आत्ता करू नका

वर ताईंनी लिहिलंय की ८ महिन्यांच्या भाच्याचं लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला आहे, आणि घरचे म्हणतात, ‘सुंता करून टाका, मोकळे व्हा’. तेवढं एक थांबवा. वर टोपडीसारखी दिसते ती कातडी दुरुस्तीत वापरायला लागू शकते. एकदा कापली की सर्जनकडे जुळवाजुळवीला काही उरत नाही.

माझ्या मुलाला हेच होतं, हायपोस्पेडियास. साधारण २०० ते ३०० मुलग्यांत एकाला असतं, तेव्हा ग्रहण पाळलं नाही म्हणून वहिनीला बोल लावणं आधी बंद करा. डॉक्टरांनी छिद्र नेमकं कुठे आहे आणि लिंग ताठ होताना खाली वाकतं का हे पाहिलं. मग दोन्ही अंडगोळ्या पिशवीत आहेत का तेही चाचपलं. हे फार महत्त्वाचं. गोळी हाताला लागली नाही तर आधी गुणसूत्रं आणि हार्मोन तपासतात.

ऑपरेशन बहुधा ६ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. छिद्र टोकाजवळ असेल तर एकदाच. फार मागे आणि बाक जास्त असेल तर दोनदा. आमच्याकडे ऑपरेशननंतर आठवडाभर लघवीची नळी आणि एकावर एक दोन डायपर! नंतर धारेवर लक्ष ठेवा. धार बारीक होतेय का, भलतीकडूनच थेंब गळतात का (फिश्चुला). फिश्चुला झालाच तर लगेच शिवत नाहीत, जवळपास ६ महिने थांबतात. मी मोबाईलवर धारेचा व्हिडिओ काढला होता, सर्जनना तोच कामी आला.