आजोबांच्या वेब्लीला नवं ब्लूइंग करावं का?

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे. आजोबांची .३८ बोअरची वेब्ली मार्क ४ रिव्हॉल्व्हर वारसाहक्काने माझ्या लायसन्सवर आली आहे. दुसऱ्या महायुद्धातली, त्यावर ‘वॉर फिनिश’ असा शिक्का. म्हणजे युद्धाच्या घाईत नीट पॉलिश न करताच ती कारखान्यातून बाहेर पडली. यंत्राच्या खुणा अंगावर तशाच आहेत. नळीच्या टोकाला आणि सिलिंडरच्या कडांना ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा, गंज रोखणारा थर) उडालंय, थोडा गंजही आहे. आजोबा ती चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवायचे, कोकणातल्या दमट हवेत त्यानेच गंज धरला असावा.

दुरुस्तीचा परवाना असलेले दुकानदार म्हणतात, पूर्ण घासून नव्याने ब्लूइंग करू, आरशासारखी चमकेल. पण तशी ती कधी नव्हतीच! शिवाय घासताना नंबर पुसट झाला तर? लायसन्सवर तोच नंबर आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार तो पुसणं गुन्हा आहे. मुठीमागची झीज तर आजोबांच्या हाताची. ती घालवायला मन धजत नाही.

मला वाटतं, तेल लावून बारीक स्टील वूलने हलक्या हाताने गंज काढावा आणि थांबावं. कुणी असं केलंय का? मूळ ब्लूइंग टिकलं का? आणि पावसाळ्यात काय लावून ठेवता?