व्हेनिसचा 'झेक्किनो' आणि आपला 'शिक्का': मूळ एकच का?

शब्दवेल्हाळ: व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे नाव अरबी 'सिक्का'वरून पडले म्हणतात. मग आपला 'शिक्का' त्याच्या नात्यातला का? 'चाव' (भेटताना-निघताना म्हणायचा इटालियन शब्द) आणि 'घेट्टो' (ज्यूंना वेगळे ठेवायची वस्ती) हेही व्हेनिसचेच शब्द. त्यांची व्युत्पत्ती कितपत पक्की आहे?

टांकसाळ: मूळ एकच. अरबीत सिक्का म्हणजे नाणे पाडायचा ठसा आणि 'दार अस्-सिक्का' म्हणजे टांकसाळ. व्हेनिसने टांकसाळीलाच 'झेका' म्हटले. आपल्याकडे शब्द फारसीतून आला आणि ठशापाशीच राहिला, शिक्कामोर्तब आठवा. नाणे १२८४ पासूनचे, पण तेव्हा नाव 'दुकात'. पुढे दुकात हे हिशेबाचे एकक झाले, म्हणून १६व्या शतकात प्रत्यक्ष नाण्याला झेक्किनो म्हणू लागले.

हीच नाणी व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आली. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला दोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. दुसरीकडे लंबगोलात उभा ख्रिस्त. या आकृत्यांमुळे मराठीत ती 'पुतळी' झाली. पुतळ्यांची माळ तीच! अस्सल नाणे सुमारे साडेतीन ग्रॅमचे, त्यावरची रोमन अक्षरे वाचता येतात. इथल्या नकलांत अक्षरांच्या नुसत्या रेघा उरतात.

ध्वनिविचार: 'चाव' पक्का आहे, पण तो इटालियन 'स्कियावो'वरून आला असे लिहितात ते चूक. लॅटिन 'क्ल'चा फ्लोरेन्सकडे, म्हणजे प्रमाण इटालियनमध्ये, 'क्य' होतो, व्हेनिसमध्ये 'च'. लॅटिन 'क्लाविस', म्हणजे किल्ली: तिकडे 'कियावे', इकडे 'चावे'. (पोर्तुगीजमध्येही इथे 'च'च झाला, त्यातूनच आपली चावी.) तसेच 'स्क्लावुस', गुलाम, याचे व्हेनिसमध्ये 'स्-चावो', मग 'व' गळून 'स्-चाओ', शेवटी 'स'ही गेला. अर्थ 'आपला दास'. 'स' आणि 'च' वेगळे उच्चारायचे, म्हणून लिहिताना मध्ये आडवी रेघ देतात. ती गाळली तर इटालियन वाचक 'श' वाचतो.

जुनी कागदपत्रे: घेट्टोबाबत एक अडचण आहे. 'जेतो' म्हणजे धातूचे ओतकाम, आणि ती जागा तांब्याच्या ओतशाळेची. पण 'ज'चा 'घ' कसा झाला? जर्मन बोलणाऱ्या ज्यूंच्या उच्चारामुळे, हे नेहमीचे उत्तर. मला ते पटते, पण सिद्ध झालेले नाही. हिब्रू 'गेट'वरून (घटस्फोटाचा लेख) ही व्युत्पत्ती मात्र सोडून द्या. ज्यूंना १५१६ मध्ये 'नव्या' घेट्टोत ठेवले आणि १५४१ मध्ये 'जुना' जोडला. हा उलटा क्रम वस्तीचा असूच शकत नाही. नवी-जुनी होती ती ओतशाळा, म्हणजे नाव वस्तीच्या आधीचे.