फोन बंद केल्यावर मनगटावर काय उरतं?

निवांत :
परवा कुणीतरी स्मार्टवॉचच्या बॅटरीबद्दल साधी कुरकुर केली. त्यावर टेकवेडा यांनी निकाल देऊन टाकला: "स्मार्टवॉच म्हणजे मनगटावर आलेला फोन. फोन रोज चार्ज करता ना? मग इथेच रडगाणं का? झेपत नसेल तर साधं घड्याळ बांधा." खाली टाळ्यांचा पाऊस. उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, रोज चार्ज करणं हा निसर्गनियम नाही. कंपन्यांनी केलेली निवड आहे ती. २०१२ साली पेबल या स्मार्टवॉच कंपनीने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. कृष्णधवल पडदा, भर उन्हात वाचता येणारा, कायम चालू. चार बटणं. बॅटरी आठवडाभर. तुम्ही ज्याला अशक्य म्हणता ते तेव्हा लोकांच्या मनगटावर होतं.

माझी कसोटी सोपी आहे. फोन बंद करून कपाटात ठेवा आणि मग मनगटाकडे बघा. वेळ, गजर, स्टॉपवॉच, नाडी, चाललेलं अंतर एवढं तरी फोनला न विचारता चालायला हवं आणि नंतर वाचताही यायला हवं. आजच्या कित्येक घड्याळांत फोनवर ॲप टाकून, खातं उघडून, ईमेल दिल्याशिवाय पहिला पडदाच पुढे सरकत नाही. वेळ बघायला लॉगिन!

आणि फोन बदलला तर? ॲपलचं घड्याळ अँड्रॉइडला जोडता येत नाही. सॅमसंगने २०२१च्या गॅलक्सी वॉच ४पासून आयफोनला दार बंद केलं. वेअर ओएस या गुगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या घड्याळांना तर २०२३च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत फोन बदलला की पूर्ण रीसेट मारावा लागायचा. याला मी जोडी म्हणत नाही, ओलीस ठेवणं म्हणतो.

टेकवेडा :
माझं अख्खं वाक्य उचलून आणल्याबद्दल आभार. आता पेबलची गोष्टही अख्खी सांगा ना. डिसेंबर २०१६मध्ये कंपनी फिटबिटला विकली गेली, ती फिटबिट पुढे गुगलने घेतली. जून २०१८मध्ये सर्व्हर बंद. लोकांना तो कृष्णधवल पडदा खरंच हवा असता तर ही वेळ आली असती का? १४४ बाय १६८ पिक्सेलमध्ये नकाशा बघून दाखवा.

लोकांना रंग हवा, मनगटावरून कॉल हवा, पैसे द्यायची सोय हवी. त्याला वीज लागते. बॅटरी वाढवा, घड्याळ जाड होतं, मग तुम्हीच लिहिणार की मनगटावर वीट बांधल्यासारखं वाटतं. जड कामं फोनने करायची आणि घड्याळाने दाखवायचं ही वाटणी शहाणपणाची आहे. २०१०च्या ब्लूटूथ ४.०मध्ये कमी विजेची पद्धत आली, म्हणून तर हे घड्याळ शक्य झालं. आणि ॲपल वॉच सिरीज ७पासून साधारण पाऊण तासात ८० टक्के चार्ज होतं. आंघोळ आणि कपडे होईपर्यंत काम झालं. यात हाल कसले?

काटकोन :
दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. स्मार्टवॉचची वाट लावली ती गोल डायलने.

मजकूर ओळीत असतो, ओळी आयताकृती असतात. गोल पडद्यावर वरची आणि खालची ओळ कापली जाते, नाहीतर सगळं मधे कोंबावं लागतं. शाळेतलं गणित करा: तेवढ्याच रुंदीच्या चौकोनापेक्षा गोलात साधारण २१ टक्के जागा कमी. ती फुकट घालवली कशासाठी? तर "खऱ्या घड्याळासारखं दिसावं" म्हणून. मोटोरोलाचं २०१४चं मोटो ३६० घड्याळ आठवा. गोल गोल म्हणून जाहिरात केली आणि खाली काळी पट्टी, कारण पडद्याचे भाग ठेवायला जागाच उरली नव्हती.

फिरती_कडा :
काटकोनराव, नावातच पूर्वग्रह आहे तुमच्या. मनगटावर कादंबरी वाचत नाही कुणी. दोन ओळींचा निरोप वाचायचा असतो. आणि गोल घड्याळात जे जमलं ते चौकोनात जमणारच नाही: सॅमसंगच्या २०१५च्या गिअर एस२ची फिरती कडा, म्हणजे पडद्याभोवतीचं फिरवता येणारं कडं. बोट पडद्यावर न ठेवता यादी सरकते, म्हणजे जे वाचतोय ते बोटाखाली झाकलं जात नाही. हातमोजे असोत, ओला हात असो, चालते. एवढी चांगली गोष्ट सॅमसंगने वॉच ५मध्ये गाळली आणि लोकांनी बोंब मारल्यावर २०२३च्या वॉच ६ क्लासिकमध्ये परत आणली.

काटकोन :
कडा गोल असली म्हणजे पडदा गोल हवा असं कुठे आहे? बाजूला चाक लावा, झालं. आणि "खरं घड्याळ गोल" हेही झूठ. १९०४मध्ये कार्तियेने वैमानिक सांतोस-द्युमाँसाठी केलेलं मनगटी घड्याळ चौकोनी होतं. परंपरेचा आव आणायचा तर निदान परंपरा माहीत असावी.

पळता_भुई :
तुमचं गोल-चौकोन चालू द्या, मी निवांत यांच्या बाजूने. पावसात आणि घामात पळणाऱ्या माणसाला टच हा शाप आहे. लॅप (फेरी) नोंदवायला गेलो की पडद्यावर पडलेला थेंब माझ्या आधी बटण दाबतो आणि धाव थांबते. गार्मिन कंपनीचं पाच बटणांचं घड्याळ घेतल्यापासून हा प्रकार संपला. त्याचा पडदा ऊन पडलं की जास्त स्पष्ट दिसतो, कारण तो बाहेरचाच उजेड परतवतो. स्वतः उजळणाऱ्या ओएलईडी पडद्यासारखं उन्हाशी भांडावं लागत नाही.

एक मात्र सांगतो, आमच्या कंपूत मनगटावरच्या नाडीवर कुणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. हिरवा दिवा त्वचेत शिरतो, रक्त तो उजेड शोषतं, परत आलेल्या उजेडातला चढउतार म्हणजे नाडी. पण हात हलल्यानेही चढउतार होतो. घड्याळ सैल असलं की ते पावलांचा ताल पकडतं आणि तोच नाडी म्हणून दाखवतं. मी आरामात पळतोय आणि घड्याळ म्हणतंय १७८. घाबरून थांबलो होतो एकदा. आता पट्टा घट्ट, मनगटाच्या हाडापासून थोडा वर. वेगाचा सराव असेल तेव्हा छातीचा पट्टा.

टेकवेडा :
गार्मिनचं गुणगान करताना जुलै २०२०ही सांगायचं ना. रॅन्समवेअरचा (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि काही दिवस त्यांचं ॲप, गार्मिन कनेक्ट, ठप्प. कुठे गेली ती स्वयंपूर्णता?

पळता_भुई :
बरं झालं आठवण काढलीत. त्या दिवसांत घड्याळाने धाव मोजली, साठवली, पडद्यावर दाखवली. फक्त ॲपमध्ये चढली नाही. निवांत यांची कसोटी याहून चांगली कशी पास होणार? तुम्ही आमच्या बाजूने साक्ष दिलीत, धन्यवाद. (मार्च २०२५मध्ये त्यांनीही ॲपमध्ये वर्गणीची पायरी आणली, ते मात्र डोक्यात गेलं. घड्याळ विकत घेतल्यावर परत भाडं कसलं?)

नाडी :
बाह्यरुग्ण विभागात काम करते, म्हणून थोडं. हल्ली रुग्ण आधी मनगट पुढे करतात, मग तक्रार सांगतात. "झोपेचा स्कोअर ६१ आलाय." बरं, झोपून उठल्यावर कसं वाटलं? "छान वाटलं, पण स्कोअर ६१." यावर काय औषध देणार? झोपेच्या पायऱ्या घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाजाने काढतं, मेंदूच्या लहरी बघून नाही.

ईसीजीचंही तेच. घड्याळाचा ईसीजी एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारा. लयीतला एक विशिष्ट बिघाड, एट्रियल फिब्रिलेशन, ओळखायला उपयोगी. हार्ट अटॅक त्याला कळत नाही, हे ॲपल स्वतःच लिहितं. छातीत दुखत असताना "घड्याळ नॉर्मल म्हणालं" म्हणून घरी बसलेले लोक मी पाहिलेत. ॲपलच्या पैशाने झालेला स्टॅनफर्डचा अभ्यास नोव्हेंबर २०१९मध्ये प्रसिद्ध झाला: ४ लाख १९ हजारांहून जास्त माणसं, अनियमित नाडीची सूचना मिळाली ०.५२ टक्क्यांना. सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर चिकटवायचा ईसीजी पॅच लावून परत पाठवला, त्यांतल्या ३४ टक्क्यांत फिब्रिलेशन सापडलं. एवढ्यावर लोक घड्याळाला वैद्य समजतात.

सांजवात :
माझे बाबा त्या ०.५२ टक्क्यांतल्यासारखेच. त्यांना काहीही होत नव्हतं. ना धडधड, ना चक्कर. घड्याळाने दोनदा सांगितलं, आम्ही दोनदा हसण्यावारी नेलं, तिसऱ्यांदा भावाने जबरदस्तीने तपासणीला नेलं. फिब्रिलेशन निघालं. आज रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत आणि माणूस रोज संध्याकाळी फिरायला जातो. तुमच्या लेखी "एवढ्यावर". आमच्या घरात ते घड्याळ चोवीस तास हातावर असतं, आणि त्यासाठी दिवसातून दोनदा चार्ज करायला लागलं तरी मी करीन.

नाडी :
ताई, वडिलांची तब्येत छान राहो. पण एका घराच्या अनुभवावरून

सांजवात :
एका घराचा अनुभव नाही हो, एक माणूस आहे तो. तुम्हीच सांगा, लक्षणं नसलेला माणूस तुमच्या विभागात आला असता का? आणि ३४ टक्क्यांचा अर्थ उरलेल्या ६६ टक्क्यांना काही नव्हतं असा होतो का? हा बिघाड येतो-जातो असं आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं. पॅच लावला त्या दिवसांत दिसला नाही, एवढंच.

नाडी :
तो शेवटचा मुद्दा बरोबर आहे. लक्षणं नसलेल्यांना दारापर्यंत आणतं, हेही मान्य. माझं भांडण नाडीच्या सूचनेशी नाही, झोपेच्या स्कोअरशी आहे, आणि ते मी सोडणार नाही.

काटकोन :
या गंभीर चर्चेत एक नम्र नोंद: ईसीजीचा आलेख लांबट आयताकृती असतो. गोल पडद्यावर त्याचे दोन्ही टोकांचे ठोके कुठे जातात, फिरती_कडा सांगतील काय?

फिरती_कडा :
कुणाच्या वडिलांचा विषय चाललाय आणि तुम्ही त्यात कोपरे मोजताय. कमाल आहे. आलेख फोनवर बघतात, मनगटावर नाही.

काटकोन :
म्हणजे फोन लागतोच! निवांत यांच्या धाग्यावर येऊन त्यांचंच खंडन. छान.

तुटकी_जोडी :
मोठ्या गप्पा होऊ द्या, माझी जोडी रोज रात्री तुटते त्याचं कुणीतरी बघा. सकाळी उठावं तर घड्याळात हवामान कालचं, निरोप शून्य. मग ॲप उघडा, ब्लूटूथ बंद-चालू करा, वाट बघा. ग्राहक सेवा म्हणते घड्याळ रीसेट करा. केलं. परत तेच.

पळता_भुई :
घड्याळाचा दोष नाही, फोन त्या ॲपला झोपेत मारतोय. अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन काढा, पार्श्वभूमीत चालायची परवानगी द्या. आणि अलीकडे उघडलेल्या ॲपांच्या यादीतून सगळं झटकून टाकायची सवय असेल तर ती सोडा.

तुटकी_जोडी :
झटकायची सवय आहे. बघतो आजची रात्र.

निवांत :
घ्या, हेच म्हणतोय. दोन यंत्रं निरोगी, तरी माणूस हैराण, कारण मधला दुवा तिसऱ्याच्या मर्जीवर.

आणि टेकवेडा यांची ती "शहाणपणाची वाटणी" कुठवर जाते बघा. मासिमो कंपनीशी पेटंटचा वाद झाला आणि जानेवारी २०२४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या ॲपल घड्याळांतून रक्तातला ऑक्सिजन मोजणं काढलं गेलं. सेन्सर आत तसाच. ऑगस्ट २०२५मध्ये सोय परत आली ती अशी: मोजणार मनगट, हिशोब करणार आयफोन, आकडाही आयफोनवर बघायचा. ज्याच्या पोटाखाली दिवा लुकलुकतो त्या घड्याळालाच उत्तर माहीत नाही! यात बॅटरीची अडचण नव्हती, जाडीची नव्हती. वकिलांनी आखलेली वाटणी आहे ती.

सांजवात यांच्या बाबांबद्दल: अनियमित नाडीची शंका घड्याळ मनगटावर काढतं, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. उलट म्हणूनच ते रात्री चार्जरवर पडलेलं नको.

टेकवेडा :
पेटंटचा वाद बॅटरीच्या धाग्यात आणायची कला वाखाणण्याजोगी आहे. बरं बाबा, बटणं हवीत. ॲपललाही २०२२च्या अल्ट्रावर एक जास्तीचं बटण द्यावं लागलं. झालं समाधान? लॉगिनशिवाय वेळ दिसायला हवी, यालाही कुणी शहाणा विरोध करणार नाही. पण आठवडाभराच्या बॅटरीसाठी मी माझा रंगीत पडदा देणार नाही. आणि तुमची लाडकी पेबल गुगलने जानेवारी २०२५मध्ये मुक्त केलीय ना, प्रणालीचा बराचसा भाग उघडा. जा, आपल्या हाताने बनवा आदर्श घड्याळ. आम्ही बघायला येऊ.

निवांत :
सर्व्हर गेल्यावरही रिबल या चाहत्यांच्या गटातल्या स्वयंसेवकांनी ती घड्याळं चालू ठेवली, तेव्हा तुमच्याकडून कुणी बघायला आलं नव्हतं. आत्ता नाही आलात तरी चालेल.

काटकोन :
पेबलचा पडदा चौकोनी होता, हे इतका वेळ कुणीच कसं बोललं नाही?

फिरती_कडा :
पेबल टाइम राउंड नावाचंही एक होतं. नावातच बघा.

काटकोन :
आणि त्याची बॅटरी बाकीच्या पेबलच्या मानाने किती कमी होती तेही बघा. ते असो, वर्तुळप्रेमींनी एकदा गोल पडद्यावर नकाशा उघडून गल्ली शोधून दाखवावी.

फिरती_कडा :
नकाशात मी मधोमध असतो आणि सगळ्या दिशांना सारखंच दिसतं. कोपरे तुम्हाला लखलाभ.