टॉवरचं नीट ऐकू आलं नाही आणि मी "रॉजर" म्हणालो

जालनाकर_१७२ (प्रश्न)

सेसना १७२ या छोट्या विमानावर माझे उड्डाणाचे ४७ तास झालेत. गेल्या मंगळवारी सोलो सर्किट, म्हणजे एकट्याने रनवेभोवती चकरा, करत होतो. आमच्या विमानतळाला टॉवर आहे, दिवसातून दोन-चार एअरलाइनची विमानंही येतात. डाउनविंडला, म्हणजे रनवेला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने जायच्या टप्प्यात होतो, १००० फुटांवर. लँडिंगचे चेक्स चालू असताना मांडीवरच्या नीबोर्डचं पेन निसटलं आणि घरंगळत डाव्या रडर पेडलच्या मागे गेलं. विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायच्या या पेडलमागे काही अडकलं तर काय होऊ शकतं हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं, त्यामुळे धस्स झालं. खाली वाकून बघतोय तोच टॉवरचा कॉल. आमचा कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) ऐकला, "डाउनविंड" ऐकलं, पुढचं काय ते कानावरून गेलं. मी म्हणालो, "रॉजर."

टॉवरने सांगितलं होतं की डाउनविंड लांबव, तुझा नंबर दुसरा, चार मैल फायनलला (उतरायच्या सरळ रेषेत, चार मैलांवर) एटीआर हे एअरलाइनचं विमान आहे. मी नेहमीसारखा पाण्याची टाकी खांद्यामागे गेल्यावर बेसला, म्हणजे रनवेकडे जायच्या आडव्या टप्प्याला, वळलो. मग टॉवरचा आवाज चढला, मला बाहेर वळवलं, आणि एटीआरला गो-अराउंड करावा लागला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जावं लागलं. पेनाच्या नादात २०० फूट उंची गेली होती, तीही तेव्हाच दिसली. उतरल्यावर बराच वेळ सीटबेल्ट सोडता येत नव्हता, बोटं इतकी थरथरत होती.

खरं सांगायचं तर मला "से अगेन" (पुन्हा सांगा) म्हणायची लाज वाटते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. फ्रिक्वेन्सीवर बॅचची मुलं ऐकत असतात, एअरलाइनचे कॅप्टन ऐकत असतात. दोनदा विचारलं की ब्रीफिंग रूममध्ये कुणीतरी नक्कल करतंच. इन्स्ट्रक्टर फक्त "कान कुठे होते?" एवढंच म्हणाले. कान तयार कसा करायचा, हे कुणी सांगेल का?

जुना_इन्स्ट्रक्टर

बाळा, इंग्रजी जरा बाजूला ठेव. गडबड पेन पडलं तिथे सुरू झाली. अशा वेळी खाली वाकायचंच नाही. नजर बाहेर, विमान समतल, आणि दोन्ही पाय पेडलवर हलके दाबून बघायचे. पेडल मोकळे फिरतायत? मग पेन राहू दे तिथे, उतरून इंजिन बंद केल्यावर काढ. अडकतायत? तर टॉवरला तसं सांग. जागा करून देणं हे त्यांचं काम आहे.

क्रम ठरलेला आहे: आधी विमान उडवायचं, मग कुठे चाललोय ते बघायचं, बोलणं सगळ्यात शेवटी. तू तिसरं काम पहिलं केलंस, कारण गप्प राहिलो तर बरं दिसणार नाही असं वाटलं. "स्टँड बाय" हा शब्द अशाच पाच सेकंदांसाठी आहे. विद्यार्थ्याने तो बिनदिक्कत वापरावा.

तू एकटा होतास. २९ डिसेंबर १९७२ ला ईस्टर्न एअरलाइन्सच्या फ्लाइट ४०१ च्या कॉकपिटमध्ये अनुभवी माणसं होती. मायामीला उतरताना नाकाच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. २००० फुटांवर ऑटोपायलट लावून सगळे त्या दिव्यात गुंतले. ऑटोपायलटची उंची धरायची सोय मध्येच सुटली, विमान हळूहळू खाली येत राहिलं आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आदळलं. १०१ माणसं गेली. चाक खाली आलेलं होतं, गेला होता तो दिवा. ही गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या सोलोच्या आधी सांगायचो. तुला सांगायला कुणी तरी हवं होतं.

टॉवरवरून

मी एटीसीत (हवाई वाहतूक नियंत्रणात) आहे, म्हणून आमच्या बाजूचंही लिहिते. "रॉजर"चा अर्थ एवढाच की तुमचं बोलणं मला पूर्ण मिळालं. तसं करीन असं त्यात कुठेच येत नाही; त्यासाठी "विल्को" आहे. आणि रनवे, उंची, हेडिंग (दिशा), क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), होल्ड शॉर्ट (रनवेच्या आधी थांबा), उतरायची परवानगी, हे सगळं जसंच्या तसं परत म्हणावं लागतं. पण तुमच्या नुसत्या "रॉजर"वर टॉवरनेही थांबायला नको होतं. परत आलेलं वाक्य कान देऊन ऐकणं आणि अपुरं असेल तर पुन्हा मागणं हे आमचं काम. एटीआर फायनलला असताना मी ते मागितलंच असतं.

"से अगेन" आम्ही रोज ऐकतो, वीस वर्षं उडवणाऱ्यांकडूनही. त्याचा कंटाळा येत नाही. पोटात गोळा येतो तो गुळमुळीत होकाराने. २५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कजवळ अविआंका ५२ इंधन संपून पडलं. क्रूची मायबोली स्पॅनिश. त्यांनी प्रायॉरिटी मागितली, इंधन संपत आल्याचंही सांगितलं, पण "इमर्जन्सी" हा शब्द रेडिओवर गेलाच नाही. ७३ जण गेले. त्यांचं इंग्रजी तोकडं होतं असं म्हणून मला तो विषय सोडून देववत नाही. नेमका शब्द बोलायला माणूस का कचरतो, हे मला तुमच्या प्रश्नात दिसलं.

अजून एक. झालेल्या प्रकाराचा सेफ्टी रिपोर्ट स्वतःहून भरा, पेनासकट.

विदर्भातली_पायलट

मीही मराठी माध्यमाचीच. मला खुर्चीने तारलं. हॉस्टेलच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, हातात चेकलिस्ट, आणि रूममेटला सांगायचं की मी मध्यात असताना कधीही टॉवर होऊन बोल. ती मुद्दाम मिक्श्चरवर (इंधन-हवेच्या मिश्रणाच्या कंट्रोलवर) हात गेला की बोलायची. आधी हातातलं पूर्ण करायचं, मग रीडबॅक, म्हणजे ऐकलेलं परत म्हणणं. पहिले चार दिवस मी सगळं विसरायचे. आणि दुसऱ्यांचे कॉल ऐकत जा. एटीआर दहा मैलांवरून बोलला तेव्हाच तो पुढे येणार हे डोक्यात असेल, तर "नंबर टू" कानाला नवीन वाटत नाही. नक्कल करणाऱ्यांचं सोड, तेही रात्री खुर्चीत बसतात.

जालनाकर_१७२

सर, ताई, सगळ्यांचे आभार. रिपोर्ट भरला. पेनाला सुतळी बांधून नीबोर्डला अडकवलंय. रूममेट रोज अर्धा तास टॉवर होतो, त्याचा आवाज आमच्या टॉवरपेक्षा भयंकर आहे. काल इन्स्ट्रक्टरबरोबर गेलो होतो. बेसच्या आधी कॉल आला, अर्धा कळला. फ्लॅप्स पूर्ण केले, वेग बघितला आणि "से अगेन" म्हणालो. टॉवरने तेच वाक्य सावकाश पुन्हा सांगितलं: डाउनविंड लांबव, पुढे एक विमान आहे. मी सगळं परत म्हटलं आणि टाकी मागे गेली तरी सरळ जात राहिलो.