ऐकलेले वचन जगताना : आपापले अनुभव

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली, ती फारसे न शिकलेल्या बाईलाही वचन, म्हणजे बायबलमधला देवाचा शब्द, सहज कळावे म्हणून. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते बायबल छापून निघाले. वचन आपल्याला कळते. तरीही आरशात तोंड पाहून निघून जाणारा आणि आपण कसे दिसतो हे लगेच विसरणारा बायबलमधील याकोबाच्या पत्रातला माणूस पुष्कळदा आपणच असतो. ऐकलेल्या वचनाने प्रत्यक्ष काही करायला लावले असेल, किंवा ऐकूनही आपण ते टाळले असेल, तर तो प्रसंग येथे लिहावा, ही विनंती.

---

मी नगर जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. आमच्या पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्तामध्ये यहूदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र असा भेद उरत नाही, या वचनावर मी मंडळीत अनेकदा बोललो आहे. मुलीने लग्नासाठी एक मुलगा सुचवला, तो ख्रिस्तीच होता, पण त्याचे घराणे बाप्तिस्म्यापूर्वी आमच्याहून वेगळ्या जातीचे होते. मी नकार दिला आणि चालीरीती जुळत नाहीत असे कारण सांगितले. दोन्ही घरांत उपासना तीच, नारायण वामन टिळकांची गीते तीच आणि नाताळचा फराळही तोच असताना! त्या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेत वाचनाची पाळी मुलीची होती. ते भेद न उरण्याचे वचन ज्यात आहे, तो गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय तिने शेवटपर्यंत वाचला, पुस्तक मिटले आणि एक शब्दही न बोलता ती भाकरी टाकायला उठली. त्या रात्री मला प्रार्थना करता आली नाही. मुलाच्या घरी जायला मला त्यानंतरही चार महिने लागले, आणि लग्नाला न आलेले काही नातेवाईक अजून आमच्याकडे येत नाहीत. जातीचा विषय निघाला की आपण इतरांकडे बोट दाखवतो. आधी आपण आपल्या सोयरिकी पाहाव्यात, असे मला कळकळीने वाटते.

---

वरचे वाचून लिहिण्याचे धैर्य आले. मी परिचारिका आहे. रात्रपाळीत एका वृद्ध आजींच्या उशाशी मी डोळे मिटून प्रार्थना करीत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सिस्टर, आधी पाणी द्या." त्या दोनदा मागत होत्या आणि मला ऐकू आले नव्हते. आता मी प्रथम विचारते, मग हात जोडते.

---

मी वसईचा. वडिलांच्या मागे वाडीतल्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी माझे बिनसले आणि आठ वर्षे आम्ही बोललो नाही. तो रविवारी आठच्या मिस्साला (चर्चमधील उपासनेला) जातो म्हणून मी सहाच्या मिस्साला जात असे, कारण मिस्सात शेजारच्याला नमस्कार करून परस्परांना शांती देण्याच्या वेळी तो समोर यायला नको होता. एका रविवारी शुभवर्तमानात मत्तयाचा पाचवा अध्याय आला : वेदीपाशी अर्पण आणले असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी मात्र अर्पणविधी सुरू होण्यापूर्वीच मी उठलो आणि थेट वाडीत गेलो. दादा केळींना पाणी सोडत होता. काय बोलावे हे मला सुचेना, म्हणून बांधावर नुसता उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने पाट माझ्या बाजूला वळवला आणि म्हणाला, "आज पाळी तुझी आहे." आठच्या मिस्साला आम्ही दोघे बरोबर गेलो. जमिनीची मोजणी अजून व्हायची आहे आणि हद्दीबाबत आमचे मत आजही जुळत नाही, पण मोजणीच्या दिवशी जेवण त्याच्याकडे करायचे, असे वहिनींनी आताच सांगून ठेवले आहे.